अर्धा किलो शिसं

रविवार, ११ जानेवारी

प्रिय छटाक,

आशीर्वाद, आणि त्यावर थोडं झुकतं माप.

आधी बातमी सांगतो, मग तुला काय ओरडायचं ते ओरड. मी पास झालो. स्कूबात. एकसष्टाव्या वर्षी. प्लास्टिकचं कार्ड आलंय, त्यावर माझा फोटो आहे आणि त्यात मी नुकताच पकडून आणलेल्या पाकीटमारासारखा दिसतो. पण कार्ड खरं आहे.

पाच महिने दुपारी एक ते चार काट्या-वजनांचं दुकान बंद ठेवून तरणतलावावर जात होतो. समोरचा घड्याळजी रोज विचारायचा, कुठे? मी म्हणायचो, दात दाखवायला. शेवटी तो म्हणाला, अहो, तुमच्या तोंडात बत्तीसच आहेत ना? परीक्षेच्या चार बुड्या गावाबाहेरच्या जुन्या खाणीच्या तळ्यात झाल्या. शिकवणाऱ्या मास्तरीणबाई तुझ्याहून लहान आहेत, पण धाक असा की मी श्वाससुद्धा त्यांना विचारून घेत होतो. कानाच्या डॉक्टरांचा दाखला आहे. पडदे शाबूत आहेत, नस तेवढी म्हातारी झालीय, असं ते म्हणाले.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. तुझी आई होती तेव्हा फोन ती धरायची. तू बोललेलं ती माझ्याकडे तोंड करून सावकाश सांगायची. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून फोनवर तुझं निम्मं मला कळतं, उरलेलं मी मनाने भरतो, आणि मी मनाने भरलेलं नेहमी वाईटच असतं. मागच्या वेळी आपण भांडलो ते कशावरून, हे मला अजून ठाऊक नाही. म्हणून आपली ही पत्रं. पण मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पाण्याखाली कुणी बोलत नाही, सगळं हाताने. मी तळाशी गुडघ्यावर बसलो होतो, आजूबाजूला सहा धडधाकट कानांची माणसं, आणि सगळी माझ्यासारखीच. तेव्हा मनात आलं, छटाक लोकांना समुद्रात बुड्या शिकवते, रोज अशाच जागी जाते. तिथे ती भेटली तर 'काय? काय?' करावं लागणार नाही.

कार्ड मिळाल्यावरची पहिली बुडी शिक्षकाशिवाय मारायची असते, जोडीदाराबरोबर. मला जोडीदार तू हवी आहेस. एप्रिलात येतो. सामान काढून ठेवायला लागेल म्हणून माप कळवतो: उंची पाच फूट सात, वजन अठ्ठ्याहत्तर.

तुझा,
बाबा

~

बुधवार, २१ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा घाबरले, तिसऱ्यांदा बोटवाल्या दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझे वडील वेडे आहेत, त्यांना जरूर बोलाव. आंघोळीच्या बादलीत पाय टाकताना 'गार आहे, गार आहे' म्हणून अख्खी गल्ली जागी करणारा माणूस खाणीच्या तळ्यात उतरला! आई असती तर तिने कार्ड फ्रेम करून काट्यांच्या कपाटावर लावलं असतं.

या. नक्की या. खोली लहान आहे, पण खिडकीतून धक्का दिसतो, त्यावर ओळीने उलटे टांगलेले ओले सूट दिसतात. पहिल्या दिवशी तुम्हाला ती माणसंच वाटतील.

बुडीचं मात्र असं आहे, की एप्रिलात इथे गर्दी असते आणि माझा पाय कुठेच ठरत नाही. तुम्हाला दादा घेऊन जातील. ते माझ्याहून पंधरा वर्षं जुने आहेत, त्यांच्याबरोबर गेलात तर मला काळजी नाही. मी धक्क्यावर असेनच.

आत्ताच काही गोष्टी लक्षात ठेवा. समुद्राचं पाणी जड असतं, ते माणसाला वर ढकलतं. तळ्यात जेवढं शिसं कमरेला बांधत होतात, तेवढ्यावर इथे बुडणार नाही, वाढवावं लागेल. तुमच्या लॉगबुकातल्या चारही बुड्यांची पानं उतरवून पाठवा, म्हणजे मला हिशोब करता येईल. सर्दी झाली तर येऊ नका. पत्र इथेच संपवते, टाक्या भरायच्या आहेत, कॉम्प्रेसर केव्हाचा बोंबलतोय.

तुमची,
छटाक

~

शुक्रवार, ३० जानेवारी

प्रिय छटाक,

आशीर्वाद.

दादा चांगले असतील. मला वेडा म्हणाले म्हणजे पारखी आहेत. पण दादांना भेटायला मी पाच महिने नाकात पाणी घालून घेतलेलं नाही.

तुला वेळ नसेल तर एप्रिल सोडू, मे महिन्यात येतो. मे महिन्यात नसेल तर डिसेंबरात. मी दुकानाचा मालक आहे, मला सुट्टी द्यायला फक्त मीच लागतो. आणि तुला माझ्याबरोबर उतरायचंच नसेल, तर तसं सरळ लिही. सहा वर्षांपूर्वी तू निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, 'जातेस तर जा, इथला काटा तुझ्यावाचून अडत नाही.' ते वाक्य मी रोज पारड्यात घालतो आणि रोज ते जड भरतं. तू ते विसरली नसशील तर माझी तक्रार नाही.

लॉगबुकाची पानं सोबत आहेत. अक्षर मास्तरीणबाईंचं आहे, सही माझी.

मी इकडे पट्ट्यासाठी शिसं ओततोय. तुला आठवतं का, लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं? तू लहानपणी त्यात बोट घालून विचारायचीस, याला बेंबी का? वजन घासून हलकं झालं की त्या बेंबीत शिसं भरायचं, जड झालं तर खरवडायचं, आणि वरून शिक्का. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वजनांची पोटं भरली. आता त्याच कढईत माझ्यासाठी दोन तुकडे ओतलेत, अर्ध्या-अर्ध्या किलोचे. तुमच्याकडे शिसं ढिगाने असेल, पण ते बरोबर भरतं का ते कुणी पाहिलंय?

उत्तर लवकर लिही.

बाबा

~

मंगळवार, १० फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार वगैरे नंतर.

लॉगबुकाची पानं पाहिली. चारही बुड्यांत शिसं चार किलो. जाड सूट, गोडं पाणी, चार किलो. आणि तुम्ही लिहिता वजन अठ्ठ्याहत्तर! अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस तो सूट घालून चार किलोवर बुडत नाही. बुचासारखा वर तरंगतो. मी हे काम सहा वर्षं करतेय, आणि काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे तुम्हीच मला शिकवलंय.

मी तुमच्या आकड्यावर आठ किलोचा पट्टा काढून ठेवला होता. तो बांधून तुम्ही उतरला असतात तर दगडासारखे खाली गेला असतात. दुसऱ्याचा काटा दहा ग्रॅम हलला तर जेवणावरून उठणारा माणूस स्वतःचं वजन दहा-दहा किलो चुकवतो?

काय झालंय बाबा? किती उतरलंय, कधीपासून? कुठल्या डॉक्टरांकडे गेला होतात? माझ्यावर रागावून काही लपवायचं असेल तर दुसरं काहीही लपवा, हे नको. चार दिवस मला घास गिळवत नाहीये. दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभे राहा आणि आकडा लिहा.

आणि तुमचं ते वाक्य मी केव्हाच विसरले होते. तुम्ही आठवण करून दिलीत म्हणून आठवलं. त्या दिवशी तुम्ही ते म्हणालात आणि मग माझी बॅग स्टेशनपर्यंत स्वतः उचलून आणलीत, मला तेवढंच लक्षात आहे.

छटाक

~

मंगळवार, १७ फेब्रुवारी

प्रिय छटाक,

सहासष्ट.

दोनदा उभा राहिलो. चप्पल काढून.

आजार काही नाही. घाबरू नकोस, रिपोर्टांच्या नकला सोबत पाठवतो. रक्त, छाती, पोट, सगळं पाहून डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही, जेवता कुणाबरोबर? मी म्हणालो, रेडिओबरोबर. म्हणाले, ऐकू येतो? मी म्हणालो, नाही.

एका माणसाचा स्वयंपाक करायला हात चालत नाही बघ. केलं तर उभ्या उभ्या ओट्याशी खातो. अर्ध्यात कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं, वळून बघतो, आणि मग भूक जाते. अठ्ठ्याहत्तर हे माझं तुझी आई असतानाचं वजन. खोटं नव्हतं, शिळं होतं. खरं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हातारा खंगलाय, घरी बसा. आणि माझी बुडी गेली असती.

मी उघडा पडलो. आता तुझ्या पारड्याकडे बघतो. रागावू नकोस.

पूर्वी तुझी सगळी पत्रं सोमवारची असायची. सोमवारी तुला सुट्टी. तीन वर्षांत एकही वार चुकला नाही, मी ती तारखेनेच लावलीत. गेल्या उन्हाळ्यापासून पत्रं कधी बुधवारची, कधी मंगळवारची, आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का सकाळचा. बोटी तर सकाळी निघतात, तूच सांगितलं होतंस. बोट गेल्यावर तू काठावर काय करतेस? आणि खाली काय पाहिलंस ते तू पूर्वी दोन-दोन पानं लिहायचीस. आता टाक्या भरल्याचं लिहितेस.

सांगायचं नसेल तर सांगू नकोस. मी फक्त काटा कुठे थांबला ते वाचून दाखवलं.

बाबा

~

शनिवार, १४ मार्च

ती. बाबा,

उत्तराला महिना लावला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

तुमचे रिपोर्ट दादांच्या डॉक्टर बहिणीला दाखवले, तीही तेच म्हणाली. तेव्हा कुठे श्वास सुटला.

मी गेल्या मे महिन्यापासून पाण्यात उतरलेले नाही.

मे महिन्यात एका शिकाऊ माणसाला घेऊन बारा मीटरवर होते. चांगला उंच, धिप्पाड होता. त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि तो बिथरला. त्याने माझ्या तोंडातली हवेची नळी ओढून काढली आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. मला वर दिसत होती बोट. किती सेकंद ते ठाऊक नाही. हात सुटला, मी त्याला धरून नियमाप्रमाणे हळूहळू वर आणलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. त्याने संध्याकाळी धन्यवाद म्हणून केक आणला, तो आम्ही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी टाकी पाठीवर घेतली, नळी तोंडात धरली आणि श्वास आत येईना. काठावर, बाकड्यावर बसलेली, चारी बाजूंनी फुकटची हवा, आणि येईना. असं सात-आठ वेळा झालं. दादांनी मला काउंटरवर बसवलं. मी टाक्या भरते, सूट धुते, लोकांना मापाचे बूट काढून देते. लोक वर येऊन काय पाहिलं ते सांगतात, मी 'हो का!' म्हणते.

तुम्हाला कसं लिहू? ज्या पाण्यासाठी घर सोडलं त्या पाण्याने मला बाहेर ठेवलंय, हे कळलं तर तुम्ही म्हणाल, मग परत ये. आणि मला भीती होती की मी येईन. म्हणून दादांचं नाव पुढे केलं. तुमच्याबरोबर उतरायचं नाही असं कसं असेल, बाबा? तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी सूट चढवून बाथरूममध्ये बसले होते, तासभर. मला यायचंय. येता येत नाही.

जेवत जा. काय जेवलात ते प्रत्येक पत्रात लिहा, ही माझी अट.

छटाक

~

शनिवार, २१ मार्च

प्रिय छटाक,

आशीर्वाद, आज पूर्ण मापाचे.

परत ये असं मी म्हणणार नाही. आलीस तर दार उघडं आहे, पण हरलीस म्हणून येऊ नकोस, आठवण आली म्हणून ये.

दोन ओळी धंद्याच्या. काट्यावर एकदम भलतं ओझं आदळलं की तो अडकतो. मोडत नाही, अडकतो. गिऱ्हाईक घाबरून आणखी मोठं वजन ठेवतं, दाबतं, हलवतं, आणि मग तो खरंच मोडतो. आम्ही काय करतो? सगळं उतरवतो. पारडं रिकामं ठेवतो, दोन दिवस. मग पन्नास ग्रॅम ठेवायचे, काढायचे. शंभर ठेवायचे, काढायचे. घाई केली की सगळं मुसळ केरात.

मी दहा एप्रिलला पोचतो. उतरेन दादांबरोबर, तक्रार नाही. तू फक्त सूट, टाकी, सगळं अंगावर चढवून धक्क्याच्या पायरीवर बस. पाण्यात पाय सोड वाटलं तर, नाहीतर तेही नको. मला दिसत राहा, बास. एवढ्याने माझी बुडी गोड होईल.

अटीप्रमाणे: काल घड्याळजी डबा घेऊन दुकानात आला, म्हणाला, दातांची ट्रीटमेंट संपली असेल तर चावून दाखवा. आता रोज दुपारी काउंटरवर दोघांचे डबे उघडतो. तो फार बोलतो, मला फारसं ऐकू येत नाही, दोघंही खूश आहोत.

पट्ट्याच्या हिशोबासाठी आजचं वजन: सदुसष्ट.

बाबा

~

सोमवार, २७ एप्रिल

ती. बाबा,

नमस्कार. पोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर खोली एवढी मोठी झाली की मी खुर्ची सरकवून मधोमध ठेवली.

त्या दिवशीचं आपण काहीच बोललो नाही. तुम्ही यंत्रं कानात घातली नव्हती आणि मला रडू येत होतं, म्हणून आता लिहिते.

सदुसष्ट किलोला मी सहा किलोचा पट्टा दिला होता. बरोबर होता, मी चारदा मांडलं होतं. दादा बोट बांधायला पलीकडे गेले होते. तुम्ही धक्क्यापाशी पाण्यात उभे, तरंगायच्या जाकिटातली हवा सोडलीत, आणि खाली जाईचनात. डोकं बाहेर, टक्कल चमकतंय. मी पायरीवरून ओरडले, 'अर्धा किलो हवं, अर्धा किलो!' तुमची पाठ माझ्याकडे. पुन्हा ओरडले. तुम्ही आपले समुद्राकडे बघत तरंगताय. तुमचे ते दोन तुकडे माझ्याशेजारी पायरीवर ठेवलेले. एक उचलला, एक पायरी उतरले. मग दुसरी. कमरेपर्यंत आले तेव्हा माझ्या मनात फक्त तुमचा खिसा होता, पाणी नव्हतंच. तुकडा खिशात घातला आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. नळी तोंडात केव्हा घेतली, आठवत नाही.

तळाशी, सहा मीटरवर, ते आलंच. वाळूवर गुडघे टेकले आणि छाती बंद. मी वर जायची खूण करणार होते. तुम्ही गळ्यातली पाण्याखाली लिहायची पाटी ओढलीत आणि लिहिलंत, 'तुझा श्वास ऐकू येतोय. हळू घे.'

बाबा, मला आधी खरं वाटेना. मग मी श्वास सोडला, बुडबुडे गडगडत वर गेले, आणि तुम्ही मान डोलावलीत. पुन्हा सोडला, पुन्हा मान. घरी मी दारातून हाका मारायचे आणि तुम्हाला कळायचं नाही. इथे माझा प्रत्येक श्वास तुम्ही ऐकत होतात, एकही चुकवला नाहीत. मला लाज वाटली घाबरायची. एकोणीस मिनिटं बसलो होतो आपण. दादा म्हणतात त्यांनी वरून बुडबुड्यांच्या दोन ओळी पाहिल्या आणि बोटीत मागे फिरून डोळे पुसले, पण ते सांगू नको म्हणालेत.

आता मुद्द्याचं. टाक्यांच्या खोलीतला काटा तुम्ही आदल्या दिवशी दुरुस्त केलात, न सांगता, सवयीने. काल झाडताना तो भिंतीपासून सरकवला. मागच्या पत्र्यावर तुमच्या पेन्सिलीने लिहिलेलं आहे: 'तपासला. ११ एप्रिल. स्वतः उभा राहून, ६९ किलो ४००.'

एकोणसत्तर चारशे! म्हणजे पट्टा कमी पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून ते तुकडे माझ्याशेजारी ठेवलेत. म्हणून पाठ केलीत. आणि मी ओरडत होते ते, खरं सांगा, थोडंसुद्धा ऐकू आलं नाही?

छटाक

~

रविवार, ३ मे

प्रिय छटाक,

आशीर्वाद.

चोरी पकडलीस. काटा तपासला की मागे लिहायचं, चाळीस वर्षांचा हात आहे, लपवताना त्याला सांगायचं राहून गेलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, पण चोराची मुलगी काटेवाली निघाली तर काय करणार?

जास्तीचं वजन खोटं सांगितलं तर माणूस बुडतो. कमी सांगितलं तर नुसता तरंगतो. एवढा विचार करून मग सांगितलं. आणि ओरडणं ऐकू आलं का? अर्धं आलं. उरलेलं मी मनाने भरलं. या वेळी चांगलं भरलं.

इथे संध्याकाळी यंत्रं काढली की घर गप्प होतं. पूर्वी मी लगेच ती परत घालायचो. आता जरा वेळ तसाच बसतो आणि मनात तुझा श्वास मोजतो, आत, बाहेर. एकोणीस मिनिटांपुढे जात नाही, मग तू हवी होतीस असं फार वाटतं. डिसेंबरात येतो. तोवर तुझ्याकडे राहिलेला दुसरा तुकडा सांभाळ.

आजचं वजन सत्तर. घड्याळजी साक्षीला उभा होता.

तुझं पाकीट आलं तेव्हा आधी वरच्या शिक्क्यातली तारीख पाहिली. सत्तावीस एप्रिल. कॅलेंडर काढून वार पाहिला, पुन्हा सोमवार, तुझ्या सुट्टीचा. विश्वास बसेना म्हणून घड्याळजीकडून पाहून घेतला. तोही म्हणाला, सोमवारच आहे, त्यात रडण्यासारखं काय?

बाबा